लोहमार्गावरचा मक्ता

शून्यातून वैभव उभारणाऱ्या माणसाची कहाणी सर्वांनाच आवडते. परंतु त्या वैभवात त्याचा वाटा किती आणि सार्वजनिक साधनांचा किती, हा हिशेब सहसा मांडला जात नाही. जेम्स डग्लस लोगन याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्कॉटलंडमध्ये १८५७ साली जन्मलेला लोगन १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत उतरला आणि केपटाउन स्थानकावर हमाल म्हणून राबू लागला. अल्पावधीतच तो रेल्वेत अधिकारपदास पोचला. किंबर्लीच्या हिऱ्यांकडे निघालेला सरकारी लोहमार्ग कारूच्या ओसाड माळरानातून जात होता. १८८५ मध्ये तो किंबर्लीस भिडला. प्रवाशांना भोजनासाठी वाटेवरच्या स्थानकांवरच अवलंबून राहावे लागे. लोगनने ही गरज हेरली, नोकरी सोडली आणि उपाहारगृहे चालवावयास घेतली. कारूमधील माइकिसफोंटेन येथे जमीन घेऊन त्याने टुमदार गाव वसविले. कोरड्या हवेसाठी क्षयरोगी तेथे येऊ लागले. इंग्लंडचा नामवंत गोलंदाज जॉर्ज लोहमन १९०१ मध्ये तेथेच निवर्तला.

हे सारे कर्तृत्व निःसंशय त्याचे होय. पण १८९२ मध्ये त्याचा मित्र, बांधकाम व रेल्वे खात्याचा मंत्री जेम्स सिव्हराइट याने रेल्वेवरील उपाहारगृहांचा दीर्घ मुदतीचा मक्ता निविदा न मागविता, सहकाऱ्यांनाही न विचारता त्याला देऊन टाकला. गवगवा होताच मक्ता रद्द झाला. मेरिमन, सॉअर आणि रोज इनिस या तीन मंत्र्यांनी सिव्हराइटबरोबर बसण्यास नकार दिला. १८९३ मध्ये पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स याने मंत्रिमंडळच मोडले आणि नवे बनविताना सिव्हराइटला वगळले. पण त्याचबरोबर आक्षेप घेणाऱ्या तिघांनाही वगळले! लोगनचा व्यवसाय मात्र पुढेही भरभराटीसच आला. १८९९ मध्ये माइकिसफोंटेनला त्याचे भव्य हॉटेल उभे राहिले.

निविदा म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हे. सरकारी लोहमार्ग जनतेच्या पैशावर उभा असतो. त्यावरचा मक्ता मैत्रीखातर दिला गेला, की अधिक चांगली सेवा देऊ शकणारा दुसरा माणूस पुढे येण्यापूर्वीच बाद होतो. त्याचे नाव इतिहासात नोंदले जात नाही. शिवाय हमालाचा अधिकारी होण्याची जी वाट गोऱ्या लोगनला खुली होती, ती त्याच मार्गावर राबणाऱ्या आफ्रिकी मजुरांना बंदच होती. लोगनच्या कष्टांचे कौतुक जरूर करावे. मात्र त्याच्या यशाचा ताळेबंद मांडताना हे दोन रकाने कोरे ठेवू नयेत.