विहिरीवरच्या वायरचे म्हातारपण

मोटार जळाली की आपण पहिल्या शिव्या लाईटला देतो. लाईट कमी दाबाने येते हे खरेच. पण स्टार्टरपासून विहिरीत उतरलेल्या वायरकडे कोण बघतो? वरून ती धडधाकट दिसते, म्हणून दहा-दहा वर्षे तशीच राहते.

पी.व्ही.सी. मुळात कडक, आपल्या पाईपासारखे. वायरचे आवरण लवचिक राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने आणि तारेच्या तापण्याने हे द्रव्य हळूहळू निघून जाते. आवरण आक्रसते, ताठ पडते आणि वाकवले की तडकते. तडीतून ओल शिरली की करंट पेटीत, पाईपात, पाण्यात उतरतो. मोटार जळाली तर भरून आणता येते. मोटार चालू करायला गेलेला माणूस हकनाक गेला तर काय करायचे?

नुसता पडून असलेला कडक पाईपही म्हातारा होतो. त्यातले रेणू दाटीने बसत जातात आणि तो ठिसूळ होतो. गंमत अशी, की ८० अंशांच्या वर शेकला की हे म्हातारपण पुसले जाते. पाईपाचे तोंड तापवून आपण सॉकेट काढतो, तेव्हा हेच घडते. उन्हाने खाल्लेला पाईप मात्र त्याने तरुण होत नाही, आणि वायरमधून गेलेले द्रव्यही परत येत नाही.

साध्या पी.व्ही.सी. वायरची तार ७० अंशांपुढे तापू नये असा नियम आहे. दाब कमी असला की मोटार जास्त अँपिअर ओढते. अँपिअर दीडपट झाले की वायरमधली उष्णता सव्वादोनपट. आणि जुना ठोकताळा असा, की दर १० अंश वाढीला आवरणाचे आयुष्य निम्मे होते. उरलेल्या केबलचे वेटोळे करून पोत्याखाली झाकणारांनी हे ध्यानात घ्यावे. तिथली उष्णता जाणार कुठे?

उसाला पाण्याची ओढ लागण्याआधी वायरमनला बोलवा. मेन बंद करून, स्टार्टरपासून वायर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या. गार वायरचे माप चांगलेच येते, तापल्यावर पी.व्ही.सी.चा विरोध झपाट्याने उतरतो. म्हणून दोन तास मोटार चालवून, बंद केल्या केल्या दुसरे माप घ्यावे. काटा १ मेगओहमच्या खाली आला तर मोटार चालवू नये. दोन्ही आकडे तारखेसह पेटीच्या दारावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी वायर किती उतरली ते कळेल. ताठ पडलेल्या वायरवर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. तेवढा तुकडा बदलावा.