पहिला सूर लांडग्याचा

चर्चमध्ये दिवे मंदावलेले. कॉयर फायली उघडून उभं आहे, पण पहिला सूर त्यांचा नाही. स्पीकरमधून एक लांबलचक हूऽऽ येतो, चढतो, वर क्षणभर रेंगाळतो आणि घसरत खाली उतरतो. अलास्काच्या टुंड्रा प्रदेशातला लांडगा. तो थांबतो न थांबतो तोच गायक त्याची चाल उचलतात आणि तिच्यावर ‘किरिए’ हा ग्रीक शब्द बसवतात. ख्रिस्ती उपासनेतली ही दयेची याचना. लांडगा पुन्हा आळवतो, माणसं पुन्हा उत्तर देतात. आपल्याकडे भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी झेलतात, तसंच. फक्त इथले बुवा चार पायांचे.

या रचनेचं नाव ‘मिस्सा गाया’, म्हणजे पृथ्वीची उपासना. सॅक्सोफोनवादक पॉल विंटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलसाठी बांधली. ध्वनिमुद्रिका 1982 साली आली. आता अमेरिकेतली कितीतरी हौशी कॉयर ती गातात. हौशी म्हणजे खरोखर हौशी: दिवसभर कुणी शाळेत शिकवतं, कुणी दवाखाना चालवतं, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तालमीला. त्यांची पंचाईत अशी की ध्वनिमुद्रणातला लांडगा कंडक्टरच्या हाताकडे बघत नाही. तो त्याच्या वेळेला, त्याच्याच पट्टीत सुरू होतो. जुळवून घ्यायचं माणसांनी. मला तर यात सगळ्या पर्यावरणवादी भाषणांपेक्षा जास्त अर्थ दिसतो.

याच कॅथीड्रलमध्ये विंटरने 1980 साली आणखी एक प्रथा सुरू केली: वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास होणारी नाताळच्या मोसमातली मैफल. उत्तरायण म्हटलं की आपल्याला पतंग आणि तिळगूळ आठवतो, कारण 21 डिसेंबरलाही मुंबईत जवळजवळ अकरा तासांचा दिवस असतो. न्यूयॉर्कमध्ये तो सव्वानऊ तासांचा, आणि दुपारी साडेचारलाच सूर्य बुडतो. उजेड परत येणार ही तिथे बातमी असते. म्हणून त्या मैफलीत सूर्य म्हणून एक अवाढव्य घंटाथाळी वादकासकट वर, पार छताकडे चढवली जायची. आणि श्रोत्यांनाही सुटका नव्हती: हजारो लोक मिळून लांडग्यासारखं आळवायचे, अगदी आनंदाने.

ही वास्तू 183 मीटर लांब, दगडी. आत एक टाळी वाजवली तर तिची आस सुमारे सात सेकंद विरत राहते. इथे जलद तान घेतली तर पिठलं होईल. लांडग्याची साद मात्र शोभून दिसते, कारण मोकळ्या माळावर मैल-मैल पोचावी म्हणूनच ती लांब, संथ आणि स्वच्छ असते. या सादेला मराठीत चटकन शब्द सापडत नाही, ही मला खटकणारी गोष्ट. कोल्ह्याला ‘कोल्हेकुई’ आहे, लांडग्याच्या वाट्याला ‘लांडगा आला रे आला’ एवढंच, आणि तेही मेंढपाळाच्या पोराचं ओरडणं.

खरं तर आपल्या माळरानांवर तो आजही गातो. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या आवाजांची ध्वनिमुद्रणं करून संशोधकांनी 2019 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या सादेचा मूळ सूर सरासरी सव्वाचारशे हर्ट्झच्या आसपास भरला. पाश्चात्त्य वाद्यवृंद जुळवणीसाठी ओबो या वाद्याचा जो 440 हर्ट्झचा सूर लावतो, त्याच्या जेमतेम अर्धा स्वर खाली. सोलापूरच्या माळावरचा लांडगा आणि न्यूयॉर्कमधला ओबोवाला एकमेकांपासून फार लांब नाहीत.

कळप एकत्र आळवू लागला की मात्र लांडगे आपल्या संगीतशिक्षकांच्या नेमकं उलट वागतात. दोघांचा सूर जुळतोय असं वाटलं की एकजण सरकतो. प्रत्येकाची पट्टी वेगळी, प्रत्येकजण सूर वरखाली खेचत राहणार, त्यात टेकड्यांचे प्रतिध्वनी. ऐकणाऱ्याला मोजदादच करता येत नाही. चार लांडगे दहा-बारा वाटतात. शेजारच्या कळपाला धाक घालण्याची ही युक्ती असावी, असं प्राणिशास्त्रज्ञ मानतात.

आणि माणसांचं कॉयर? तिथे वर्षानुवर्षं एकच धोशा: एक सूर, एक आवाज. पण तीस माणसं ‘एकच’ सूर लावतात तेव्हा तो कधीच एक नसतो. कुणी दोन हर्ट्झ वर, कुणी तीन खाली, कुणाचा कंप वेगळा. हे बारीकसारीक मतभेद एकमेकांत मिसळून जी मऊ झिलई येते, तिलाच आपण कॉयरचा आवाज म्हणतो. सिंथेसायझरवर ‘कोरस’ नावाचं बटण असतं. ते एवढंच करतं: एका सुराच्या किंचित बेसूर, किंचित उशिराच्या नकला काढून मूळ सुरात कालवतं. म्हणजे लांडगे जे उघडपणे करतात, तेच आपण चोरून करतो.

चोरून करण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे श्वास. वीस सेकंद लांबलेला सूर कुणा एकाच्या छातीत मावत नाही. मग ठरतं: शेजारी श्वास घेईल तेव्हा तू घेऊ नकोस. ज्याला दम लागेल त्याने शब्दाच्या मध्येच आवाज हलकेच कमी करून श्वास घ्यायचा आणि कुणाला कळू न देता परत शिरायचं. समोरच्याला वाटतं, सूर अखंड आहे. जवळ जाऊन ओठांकडे पाहिलंत तर दिसतं की तो सतत कुठे ना कुठे तुटतोय. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की एकत्र संथ गाताना गायकांच्या हृदयाची गतीसुद्धा एका लयीत वरखाली होऊ लागते. संख्येने मात्र फारसं साधत नाही: गायक दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि ऐकणाऱ्याला दुप्पट वाटावा तर माणसं सुमारे दहापट लागतात.

‘मिस्सा गाया’त पुढे हंपबॅक देवमासाही येतो. रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञाचं व्याख्यान विंटरने 1968 साली ऐकलं, आणि तिथून त्याच्या संगीताची दिशाच वळली. पेनने बर्म्यूडाजवळच्या ध्वनिमुद्रणांत एक गोष्ट हेरली होती: हे नुसते आवाज नाहीत, ठरलेल्या क्रमाने फिरून येणारी कडवी आहेत. 1970 साली त्या गाण्यांची तबकडी निघाली आणि लाखभर खपली. ‘देवमासे वाचवा’ चळवळीला त्या तबकडीने आवाज दिला. पुढे 1982 साली देवमाशांच्या शिकारीसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला.

हंपबॅकचं सामूहिक गाणं तर तिसऱ्याच तऱ्हेचं. एका समुद्रभागातले सगळे नर एकच गाणं गातात, पण प्रत्येकजण एकेकटा, मैलोन् मैल दूर. श्वासाची चोरी नाही, कारण हवा बाहेर न सोडताच ते गातात. आणि गाणं बदलत जातं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची नवी चाल काही वर्षांत फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सिनेमाचं गाणं गाजून जुनं मागे पडावं, तसंच.

1977 साली व्हॉयेजर या अंतराळयानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात हंपबॅकची गाणी आहेत. त्याच तबकडीवर मराठीतला नमस्कार आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. व्हॉयेजर 1 आता 2400 कोटी किलोमीटरांच्या पलीकडे गेलंय.

गोव्याशी हंपबॅकचं नातं एवढ्यावर संपत नाही. तिथल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात हंपबॅकचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि 2018 साली त्यावर शोधनिबंध आला. अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, बारा महिने इथेच राहतात. ओमानजवळच्या नोंदींनुसार त्यांचा गाण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. म्हणजे पणजी-मडगावात नाताळच्या गाण्यांच्या तालमी चालू असतात, तेव्हा त्यांच्याही चालू असतात. ओमानलगतच्या त्यांच्या संख्येचा अंदाज शंभराच्याही आत आहे. त्यातले गातात फक्त नर. म्हणजे सगळा ताफा मिळून एखाद्या बऱ्यापैकी भजनी मंडळाएवढा.