सुईआधीचा हिशेब

सकाळी ७. दौंडची रेल्वेखालची कुरकुंभ मोरी गर्दीआधी ओलांडते. भूलतज्ज्ञाला एकाच दवाखान्यात बसून चालत नाही. जिथं ऑपरेशन, तिथं माझी पेटी.

७.४५. कुरकुंभ. एमआयडीसीतल्या कामगाराची बोटं मशीनमध्ये सापडलीत. फक्त हात बधिर करायचा. वजन? "असेल साठ," भाऊ सांगतो. काटा दाखवतो ५०. ०.५ टक्के ब्युपिव्हाकेनच्या एका मिलीत ५ मिलिग्रॅम औषध. किलोमागे २ मिलिग्रॅम ही माझी मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त २० मिली. भावाचं ऐकलं असतं तर २४ गेलं असतं.

८.१५. दुसऱ्या हाताला सलाईन, मॉनिटर, ऑक्सिजन. शेजारी २० टक्के लिपिडची, म्हणजे चरबीच्या द्रावणाची, बाटली. औषध रक्तात जाऊन हृदय बंद पडू लागलं तर हीच कामाची. अमेरिकेत वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर तिचा गुण दाखवला. २००६ मध्ये माणूस वाचल्याची नोंद झाली.

८.३०. हासळीच्या वर सोनोग्राफीत नसांचा जुडगा दिसतो. लगत धमनी, खाली फुप्फुस. थोडं औषध सोडायचं, सिरिंज मागे ओढून रक्त येतं का बघायचं, थांबायचं, पेशंटला बोलतं ठेवायचं.

"दादा, ओठाला मुंग्या? तोंडात लोखंडाची चव?"

"मॅडम, कानात घूं होतंय."

तिथंच थांबते. १० मिली गेलंय. ऑक्सिजन लावते, झटका थांबवणारं मिडाझोलाम भरून ठेवते. झटका आला किंवा ठोके बिघडले तर लिपिड: किलोमागे १.५ मिली, याला ७५. वेळ येत नाही, गुणगुण ओसरते. तरी दोन तास मॉनिटर लावूनच.

११. सर्जन घड्याळ बघतात. राहिलेलं औषध देत नाही. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन होतं.

दुपारी २. दौंड. सकाळी दुसऱ्या गावी असाच हात बधिर करणारा ब्लॉक दिलेल्या पेशंटची आई घाबरलीय: "पापणी पडलीय, लकवा तर नाही?"

"नाही मावशी, औषध मानेतल्या नसांपर्यंत पोचलंय. उतरलं की पापणी उघडेल." श्वास जड होतोय का, तेही विचारते, छातीच्या पडद्याची नसही याच वाटेनं जाते.

संध्याकाळी ६. दौंडच्या पेशंटचा हात अजून बधिरच. झोळीत ठेवा, गरम कपाला लावू नका, उद्याही जाणीव आली नाही तर फोन करा.

रात्री ९. रजिस्टरमध्ये मिली, वेळ, तक्रार.

भूल घेण्याआधी अंदाज सांगू नका, काट्यावर उभे राहा. सुई चालू असताना कान वाजला, जीभ जड झाली, तर संकोच न करता त्याच क्षणी बोला.