पाळीच्या तक्रारी, मधुमेह आणि घराण्याचा वारसा

मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबू लागली, चेहऱ्यावर मुरुमे व लव वाढली, की घरात प्रथम लग्नाची आणि पाठोपाठ अपत्याची चिंता सुरू होते. मधुमेहाचा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. ही दुर्लक्षित बाजू माजी विद्यार्थिनी व पालक यांच्यापुढे मांडावी, असे आम्हांस वाटते.

या विकारास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, संक्षेपाने पीसीओएस, म्हणतात. त्यात अनेक स्त्रियांच्या शरीरातील पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवते. या जादा इन्शुलिनमुळे बीजकोशांत पुरुषी संप्रेरके अधिक तयार होतात व पाळी बिघडते. स्वादुपिंडास हा भार पेलवेनासा झाला की मधुमेह उद्भवतो.

हा भार कोणास किती पेलवेल, यात जनुकांचा वाटा असतो. टीसीएफ७एल२ या जनुकाच्या एका रूपाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००६ साली आइसलँडमधील संशोधकांनी दाखविला. या रूपामुळे इन्शुलिनचा स्राव मंदावतो. २०११ साली चिनी संशोधकांना पीसीओएसशी निगडित आढळलेल्या जागांपैकी ‘थाडा’ हे जनुक त्यापूर्वीच मधुमेहाच्या संशोधनातही पुढे आले होते. तथापि कोणतेही एक जनुक निर्णायक नसते. अनेकांचे लहानलहान परिणाम एकत्र येतात. शिवाय ती आई व वडील दोघांकडूनही येतात. म्हणून मुलीस वा तिच्या आईस दोष देणे अन्यायाचे आहे. मधुमेहाची चौकशी माहेर-आजोळ अशी दोन्हीकडे करावी.

वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. साखर वाढू लागलेल्या स्त्रीपुरुषांवर अमेरिकेत झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिताहार, वजनातील माफक घट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. टीसीएफ७एल२चे धोक्याचे रूप दोन्ही पालकांकडून मिळालेल्यांनाही त्याचा लाभ झाला.

केवळ उपाशीपोटीच्या तपासणीत बिघाड निसटू शकतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी होणारी तपासणी अधिक खात्रीची. पीसीओएसचे निदान होताच, त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी आणि गर्भधारणेचा विचार करताना साखर तपासून घ्यावी. आमची विनंती इतकीच, की मुलीची तक्रार स्थळाच्या भीतीने झाकून ठेवू नये. वेळेवर केलेली तपासणी तिची पुढील अनेक वर्षे निरोगी ठेवू शकते.