निळ्याशिवाय नदी

गोधडीचा आढावा दासोपंतांच्या पासोडीपासून सुरू करायची आपल्याकडे रीत पडली आहे. अंबाजोगाईची ती सुमारे ४० फुटी पासोडी थोर खरीच, पण ती लिहिण्यासाठी होती, पांघरण्यासाठी नव्हे. गाडगेबाबांच्या गोधडीवरही पुष्कळ लिहून झालं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कच्छ-सिंधची रल्ली यांना तर ग्रंथ लाभले. मला जव्हार-मोखाड्याच्या वाटेनं जायचं आहे.

मी पहिल्यांदा मोखाड्याला गेले तेव्हा पाऊस नुकताच सरला होता. वाघ नदीच्या कातळावर बायांनी गोधड्या धुऊन वाळत टाकल्या होत्या. भिजलेली गोधडी एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून पीळ देत होत्या. कातळभर लुगड्यांची हिरवी-तांबडी ठिगळं, मधे धोतराचा मळकट पांढरा पट्टा. पलीकडे खाचरांत भात पिवळं पडलेलं, वरच्या उतारावर नागली आणि वरई. नदीच्या दोन्ही काठांवर एकच कापड अंथरल्यासारखं दिसलं. जन्मापासून गोधडी पांघरत आले होते, पाहिली मात्र त्या दिवशी.

तिथल्याच एका आजीनं मला टाका शिकवला. काठापासून सुरुवात करायची आणि फेऱ्या घेत आत यायचं. “दोरा ताणू नको गं, ती आखडंल,” एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगायची. धावदोरा तीन-चार थर एकत्र चिमटतो, दोन ओळींमधलं कापड फुगून राहतं. गोधडी धुतली की कापड आणि दोरा सारखे आटत नाहीत, आणि फुगवटा वाढतो. चार-पाच पावसाळे धुतलेल्या गोधडीवर तिरपं ऊन पडू द्या. वाऱ्यानं डोहावर उठते तशी लाट तिच्यावर दिसेल. माझ्या आयुष्याचं काम या एका गोष्टीभोवती फिरलं. नदी गोधडीवर काढायची नसते, धुऊन धुऊन ती आतून वर येते.

हे न पटणारी मंडळी आहेत आणि त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. नदी हवी तर निळं कापड नागमोडी कापा, वर टाचा आणि बाजूला वारली चित्रांतला तारपानाच छापा, असं त्यांचं शास्त्र. प्रदर्शनात ते चटकन कळतं, विकलंही जातं. पण वारली चौक लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी लिहितात, पालघट देवीसाठी. तो उचलून चादरीवर, पिशवीवर आणि गोधडीवर सारखाच चिकटवला, तर चौकही गेला आणि गोधडीही गेली. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, २०११ चे पद्मश्री, यांचं मासेमारीचं जाळं आठवा. रेघांनी विणलेलं ते जाळं चित्रभर पसरतं. पाणी रंगवण्याची त्यांना गरज पडली नाही, तरी ते दिसतं. माझ्या वैशाखातल्या वाघ नदीच्या गोधडीत राब भाजलेल्या जमिनीचे काळे चौकोन आहेत, कातळाचा करडा आहे आणि मधे जुन्या धोतराची एक चिंधी. निळा रंग मी आजवर वापरलेला नाही. त्या दिवसांत तिथं निळं काही उरतच नाही.

देशाबाहेरचं एकच उदाहरण मला जवळचं वाटतं. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. त्याच बायांच्या गावची नदी ओलांडणारी नाव १९६२ मध्ये बंद झाली होती, मतनोंदणीसाठी लोक पलीकडे जाऊ लागले म्हणून. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. तीन बाजूंनी पाणी असूनही ते आपलं नाही, हे मोखाड्याच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

कारण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण उभं आहे. २०१४ पासून तिथून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला जातं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. प्यायला हंडा मिळेना, तिथं गोधडी कोण धुणार? शिवाय लुगडी गेली, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. सुई त्यांतून सुळकन जाते, पण कापड टाका धरत नाही, आटतही नाही. कितीही धुवा, लाट उठत नाही. दिवाळी झाली की माणसं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पूर्वी डोक्यावरच्या बोचक्यात गोधडी असायची, आता बाजारातलं ब्लँकेट असतं. ते ऊबदार आहे, हलकं आहे, त्या बाईला मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?

यंदाच्या उन्हाळ्यात त्या आजीच्या सुनेनं माळ्यावरून एक गाठोडं काढून दिलं. सासूची तीन लुगडी, सुती, विरलेली, काठ मात्र शाबूत. पावसाळाभर मी तीच शिवत बसले आहे. हिरवं आवणीच्या खाचराला लावलं, तांबडं उताराला. आत येता येता मधली वीतभर जागा उरली आहे. ती भरली की नवरात्राआधी सुनेला सोबत घेऊन गोधडी वाघ नदीवर न्यायची आहे, म्हणजे पिळायला दुसरं टोक धरायला कुणी असेल. सध्या ती सपाटच आहे, पहिलं पाणी लागायचं आहे.