कासवाची झोप

मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील धामापूर येथे एक विस्तीर्ण तलाव आहे. तो १५३० साली बांधला गेला, असे सांगतात. त्याचे पाणी भर उन्हाळ्यातही टिकते. परंतु कोकणातील लहान तळी व भातखाचरे वैशाखात कोरडी पडतात. मग त्यांतील कासवे कोठे बरे जातात?

गोड्या पाण्यात राहणारे, मऊ पाठीचे एक कासव आहे. पाणी आटू लागले, की ते चिखलात शिरून निजते. वरची माती सुकून कठीण होते. आत कासव निश्चेष्ट पडून राहते. कासवाच्या शरीराची उष्णता सभोवतालच्या हवामानाप्रमाणे कमीअधिक होते. झोपेत त्याचा श्वास व हृदयाचे ठोके मंदावतात. अंगात साठलेल्या चरबीवर ते दिवस काढते. ही त्याची ग्रीष्मनिद्रा. मृगाच्या सरींनी माती भिजली, की ते आपोआप बाहेर येते.

थंड देशांत कासवे हिवाळ्यात निजतात. तिला शीतनिद्रा म्हणतात. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाचे निसर्गनिरीक्षक होऊन गेले. १७८० साली मार्च महिन्यात त्यांनी बागेतील एक पाळीव कासव जमीन खणून बाहेर काढले. कासवाने फूत्कार करून आपला राग दर्शविला! घोडागाडीतून सुमारे ८० मैलांचा प्रवास घडल्याने ते पुरते जागे झाले आणि नव्या बागेत दोनदा फिरूनही आले. परंतु सायंकाळी गारठा पडताच ते पुन्हा मातीत शिरले. माणसाने उठविले, तरी ऋतूने अद्याप हाक दिली नव्हती!

उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढताना असे कासव सापडले, तर ते मेले असे समजून फेकू नये. त्याला काठीने डिवचू नये, उन्हात ठेवू नये. अवेळी जाग आली, तर साठविलेली चरबी लवकर खर्च होते आणि बाहेर अन्नपाणी तर नसते. म्हणून त्याला जवळच सावलीत, ओलसर मातीखाली ठेवावे व वनखात्यास कळवावे. ते घरी नेऊन पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

निजलेल्या जिवाला उठविण्याची घाई कशाला? पाऊस त्याला वेळेवर उठवीलच. तोवर त्याची झोप राखणे, हीच आपली खरी भूतदया होय.