वर्षावासातली पहिली पंधरा मिनिटे

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत वर्षावास चालतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, खीरदान होते, समारोप होतो. पण तीन महिने एकाच सतरंजीवर बसलेल्या उपासक-उपासिकांना शेवटी एकमेकांची नावे ठाऊक असतातच असे नाही. भाड्याने राहायला आलेले कुटुंब मागच्या रांगेत बसते आणि तसेच उठून जाते. कॉलेजची मुले दोन रविवार येतात, तिसऱ्या रविवारी येत नाहीत. म्हणून वंदनेनंतर आणि वाचनाआधी पंधरा मिनिटे ओळखीच्या खेळांना द्यावीत, असे आम्हाला वाटते. प्रशिक्षण शिबिरांत यालाच 'आईसब्रेकर' म्हणतात.

हे काही बाहेरून आणलेले खूळ नाही. मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्तात भगवान बुद्ध अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल या भिक्खूंना भेटायला जातात. साधनेतील प्रगतीबद्दल विचारण्याआधी ते विचारपूस करतात: प्रकृती बरी आहे ना, भिक्षा मिळते ना, दुधात पाणी मिसळावे तसे एकोप्याने राहता ना. आधी माणसाची चौकशी, मग धम्माची चर्चा, हाच तो क्रम.

खेळ निवडताना एक पथ्य मात्र पाळावे. आपल्याकडे ओळख म्हटली की आडनाव, गाव आणि नोकरी हे तीन प्रश्न आधी येतात. आडनाव विचारण्यामागे काय दडलेले असते, हे शाळेत, ऑफिसात आणि भाड्याची खोली शोधताना आपण पुरेपूर अनुभवले आहे. तोच प्रश्न विहारात पोटजात चाचपण्यासाठी येऊ नये. नोकरी विचारली की एक जण 'साहेब' होऊन खुर्चीवर जातो आणि कंत्राटी सफाई कामगार आणखी मागे सरकतो. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, ही विनयपिटकातील कथा आपण प्रवचनांत सांगतो. ओळखीच्या खेळात ती आचरणात आणता येते.

आम्ही तीन खेळ सुचवतो.

१) नावाची गोष्ट : प्रत्येकाने फक्त स्वतःचे नाव सांगावे आणि ते कोणी, का ठेवले हे दोन वाक्यांत सांगावे. सिद्धार्थ, यशोधरा, भीमराव, रमा अशा नावांमागे घराघराचा इतिहास असतो. तो ऐकला की नाव विसरत नाही.

२) जोडीची ओळख : एक ज्येष्ठ आणि एक तरुण अशी जोडी लावावी. तीन-तीन मिनिटे बोलून मग प्रत्येकाने जोडीदाराची ओळख सर्वांना करून द्यावी. इथे स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा दुसऱ्याचे ऐकणे महत्त्वाचे ठरते. लाजाळू माणसालाही हे सोपे जाते.

३) दोऱ्याचे जाळे : परित्राण पाठाच्या वेळी सर्वांच्या हातातून पांढरा दोरा जातो, तो आपल्या ओळखीचा आहे. या खेळात साध्या दोऱ्याचा गुंडा घ्यावा. ज्याच्या हाती गुंडा येईल त्याने आपण इतरांना कोणती मदत करू शकतो ते सांगावे आणि दोरा धरून गुंडा पुढे द्यावा. कोणी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देईल, कोणी गणित शिकवेल, कोणी दवाखान्यात सोबत येईल. एकाने ते सारे वहीत लिहून घ्यावे. संग्रहवस्तूंपैकी अत्थचरिया, म्हणजे परहिताचे आचरण, प्रत्यक्षात सुरू होण्यासाठी ही वही उपयोगी पडते.

काही काळजी घ्यावी. ज्याला बोलायचे नाही त्याला 'पुढे' म्हणण्याची मोकळीक हवी. लग्न, मूलबाळ, आजार, परीक्षेचा निकाल यांवर प्रश्न नकोत. गुडघे दुखणाऱ्या आजीला उठबस करायला लावू नये. कोणी मन मोकळे केले तर ते विहाराबाहेर नेऊ नये. आणि अध्यक्ष-सचिवांनीही सर्वांबरोबर खाली गोलातच बसावे.

खेळ साधला की नाही, हे किती जण हसले यावर ठरत नाही. पुढच्या रविवारी एखादी ताई आली नाही आणि कोणी तिचे नाव घेऊन 'आज का आली नाही?' असे विचारले, संध्याकाळी तिच्या दारी कोणी गेले, तर तो साधला. संघाला शरण जातो असे आपण दर रविवारी म्हणतो; शेजारी बसलेल्या माणसाची ओळख करून घेणे ही त्याची पहिली पायरी आहे.